पुस्काच, अंडी आणि धूळपेर : युक्रेनमधल्या पोल्टावाजवळच्या शेतशाळेच्या नोंदी, २०२४

९ मार्च, शनिवार

शाळेचं दुसरं वर्ष. गेल्या वर्षी वहीत फक्त खर्च लिहिला, बाकीचं डोक्यात ठेवलं आणि हिवाळ्यात ते डोक्यातून गेलं. यंदा लिहायचं, आणि मराठीतच लिहायचं. पानांचे फोटो नेवाशाला भावाला पाठवते, तो पारावर वाचून दाखवतो म्हणे. त्यामुळे काही गोष्टी फोड करून लिहिते. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही, रशियाबरोबरच्या युद्धात ती सवयच लागली आहे. वोर्स्क्ला नदी जवळ आहे, एवढं पुरे.

यंदा मुलं बारा. सात मुली, पाच मुलगे, वय १५ ते १९. चौघं इथली, बाकीची खेरसोन, खार्किव आणि दोनेत्स्ककडून विस्थापित होऊन आलेली. सोमवार ते गुरुवार त्यांची शाळा-कॉलेजं, बरीचशी ऑनलाइन. शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत आमच्याकडे, आणि सुट्टीत पूर्ण वेळ.

जमीन सासूबाईंचा ‘पाय’. इथे पाय म्हणजे सामूहिक शेतं मोडली तेव्हा प्रत्येक सभासदाला मिळालेला वाटा. आमचा ४.४ हेक्टर, म्हणजे अकरा एकर धरा. २००१ पासून २०२१ पर्यंत असली जमीन विकायला बंदी होती, त्यामुळे सगळ्या गावानं पाय मोठ्या कंपन्यांना खंडानं दिले. आमचा करार दोन वर्षांपूर्वी संपला, तो पुढे वाढवला नाही. याशिवाय घरामागचा होरोद, म्हणजे परसबाग, अर्धा हेक्टर.

आजचं काम : पोह्रिब. बटाटे ठेवायचं तळघर. मुलं जमवायची तर हवाई हल्ल्यात लपायला जागा हवीच, आणि आमच्याकडे ती हीच. बटाट्याची पोती एका बाजूला सरकवली, दोन बाकं, पाण्याचे कॅन, औषधांची पेटी ठेवली. परवान्यासाठी एका कार्यालयातून साहेब पाहणीला आले. त्यांचा आक्षेप बाकांवर नव्हता, बटाट्यांवर होता. आश्रयस्थानात ‘बाह्य सामग्री’ चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, आधी बटाटे होते, बाह्य सामग्री आपण आहोत. साहेबांनी शेवटी सही केली, आणि जाताना एक पिशवी बटाटे नेले.

३० मार्च, शनिवार

आज खड्डा खणला. मीटर-सव्वा मीटर खोल, एक भिंत सरळ तासून घेतलेली. माझ्या मते शेतीचा पहिला धडा हाच असावा. बियाणं, खत, यंत्रं नंतर.

वरून सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटरपर्यंत काळं. मग हळूहळू तपकिरी होत जातं आणि तळाला फिकट पिवळी लोएस, वाऱ्यानं आणून टाकलेली धूळमाती. पिवळ्या थरात मध्येच काळे गोल डाग होते. मुलांना वाटलं कुणीतरी आधी इथे खणलंय. खणलं होतंच, पण माणसानं नाही. जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्यांची जुनी बिळं वरच्या मातीनं भरून गेलेली. त्याला इथे क्रोतोविना म्हणतात. व्हिनेगरची बाटली आणली होती. वरच्या काळ्या मातीवर टाकलं तर काही नाही, पिवळीवर टाकलं तर सोड्यासारखं फसफसलं. चुना. पाच जणांनी पाच वेळा टाकून पाहिलं, सॅलडचं व्हिनेगर संपलं.

मी त्यांना आमच्या काळ्या रानाचं सांगितलं. नगर जिल्ह्यातली माती दिसायला हीच, पण जात वेगळी. ती बसाल्टची झिजून झालेली, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. काळी असली तरी तिच्यात सेंद्रिय अंश थोडाच. इथल्या काळ्या मातीचा, चोर्नोझेमचा, काळेपणा मात्र गवताचा. हजारो वर्षं स्टेप गवत वाढलं, मुळं जागच्या जागी कुजली, हिवाळ्यानं ती पुरती जळू दिली नाहीत. मुठीत घेऊन दाबलं आणि सोडलं तर ढेकूळ होत नाही, ज्वारीच्या कण्यांसारखी मोकळी होते. रशियन मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव्ह १८८८ ते १८९४ या काळात याच पोल्टावा प्रांतात माती बघत फिरत होता. मृदाशास्त्र म्हणून आज जे शिकवतात त्याचा बराच भाग इथल्या खड्ड्यांतून निघाला.

खेरसोनची मुलगी (हिला मी यापुढे खेरसोनची असंच लिहीन) खड्ड्यात उतरून बसली ती वर येईना. म्हणाली, आमच्याकडे वाळू आहे, इतकी काळी माती मी हातात घेतलेली नाही. मग म्हणाली, पण टरबूज इथे गोड नाही होणार. बघू.

खड्डा बुजवताना एकानं पिवळी माती वर टाकली. त्याला परत काढायला लावली. चिडला. चिडू दे.

१३ एप्रिल, शनिवार

ट्रॅक्टरचा दिवस. आमचा ट्रॅक्टर युमझेड-६, माझ्या नवऱ्याच्या काकांच्या काळातला. द्निप्रोच्या ज्या कारखान्यात सोव्हिएत क्षेपणास्त्रं बनत होती त्याच युझमाशमध्ये हा बनला. त्यामुळे बिघडला की त्याला काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

याला बॅटरीवर चालू होणारा स्टार्टर नाही, पुस्काच आहे. मोठ्या डिझेल इंजिनाच्या अंगाला एक छोटं पेट्रोल इंजिन. आधी ते दोरी ओढून चालू करायचं, ते तापू द्यायचं, मग त्याचं दातेरी चाक डिझेलच्या फ्लायव्हीलला जोडून क्लच हळूहळू सोडायचा, की छोटं मोठ्याला फिरवतं. द्याद्को (म्हणजे काका, आमचे शेजारी, वय ४४, गावातले शेवटचे दोन ट्रॅक्टरवाले उरलेत त्यांतले एक) यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. दोरी चाकावर कशी गुंडाळायची ते दाखवलं आणि एकच गोष्ट पाच वेळा सांगितली : दोरीचं टोक मुठीत धरायचं, हाताभोवती कधी गुंडाळायचं नाही. पुस्काच उलटा फटका मारतो. स्वतःचं डावं मनगट पुढे केलं. वाकडं जुळलेलं.

मुलगे जोर लावून थकले. पुस्काच पेटला तो सतरा वर्षांच्या मुलीच्या हातून, तिसऱ्या ओढीला. ती दिसायला बारीक. द्याद्को म्हणाले, हिनं जोर नाही लावला, झटका दिला. धुराचा लोट, कान फुटेल असा आवाज, मग डिझेलनं दोन उचक्या दिल्या आणि धरलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पोरगी मात्र हाताचा वास घेऊन बघत होती. पेट्रोल आणि ऑइल. तो वास दोन दिवस जात नाही.

नांगरावरून वाद झाला. द्याद्कोंना खोल नांगरायचं होतं, बाप-आजे तसंच करत आले. मी म्हटलं, या प्रांतातच १९७० च्या दशकापासून बिननांगरी शेती चालू आहे. तेव्हाचे इथले कम्युनिस्ट पक्षाचे सचिव फेदिर मोर्हुन यांनी तिला जोर दिला, आणि शिशाकी भागात सेमेन अंतोनेत्स यांनी हजारो हेक्टर नांगराविना केले. द्याद्को म्हणाले, त्यांच्याकडे हजारो हेक्टर होते, तुझ्याकडे अकरा एकर आणि पुस्काच आहे. तोडगा असा की होरोद नांगरायचा, मोठ्या रानात फक्त वरवरची कुळवणी.

जेवताना मात्र कुणी ट्रॅक्टरवर बोलत नव्हतं. या महिन्याच्या सुरुवातीला सैन्यभरतीचं वय २७ वरून २५ वर आणलंय. आमच्यातल्या थोरल्या मुलाला सहा वर्षं आहेत. त्यानं बोटांवर मोजली, मी बघितलं.

२८ एप्रिल, रविवार

बटाटे लावले. पंचवीस सरी. दोघांत एक सापा (लांब दांड्याची, रुंद पात्याची कुदळ) आणि एक बादली. सासूबाई मागून येऊन डोळे वर आहेत का बघत होत्या. त्यांना मी ‘मामा’ म्हणते, कारण इथे आईला मामा म्हणतात. सव्वीस वर्षं झाली तरी फोनवर भावाला ‘मामा रागावल्या’ म्हटलं की तो हसतो.

११ मे, शनिवार

रात्री उणे दोन. टोमॅटोची १४० रोपं गेली. चूक माझी, ईस्टर झाल्या झाल्या ६ तारखेला लावली, एप्रिल इतका उबदार होता की भुलले. मामा म्हणाल्या होत्या, थांब. खेरसोनची म्हणाली होती, माझी टरबुजाची रोपं मी २० तारखेआधी बाहेर काढणार नाही. तिची खिडकीत आहेत, टवटवीत. सकाळी तिनं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

मेलेली रोपं काळी, उकडलेल्या पालकासारखी. मुलांना ती उपटू दिली नाहीत, आधी मोजायला लावली. वहीत ‘१४०, शिक्षिकेची चूक’ असं एका पोरानं लिहिलं. बरोबर लिहिलं.

कालपासून खार्किवच्या उत्तरेला नवा हल्ला सुरू आहे, वोव्चान्स्क रिकामं करताहेत. नवरा त्याच बाजूला आहे. दुपारी त्याचा संदेश आला : ‘+’. एवढंच. आघाडीवरून सगळे असंच पाठवतात. अधिकचं चिन्ह म्हणजे आहे.

२० मे, सोमवार

इनक्युबेटर लावला. ९६ अंडी, पोल्टावाची ‘ह्लिन्यास्ता’ जात, ओल्या मातीच्या रंगाची कोंबडी. याच भागातली जुनी जात, आता गावातही फार कुणाकडे नाही. २१ दिवसांचा हिशोब, म्हणजे १० जून. तापमान ३७.७. पहिले अठरा दिवस दिवसातून तीन-चारदा अंडी फिरवायची. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, पेन्सिलीनं. पेन नको, शाई कवचातून आत उतरते.

अडचण वीज. वसंतात औष्णिक केंद्रांवर एवढे हल्ले झाले की या आठवड्यापासून पुन्हा वेळापत्रकानं वीज जाते. कागद भिंतीवर लावला, इनक्युबेटरच्या पाळ्या त्याप्रमाणे. रात्रीची पाळी दोन-दोघांची.

वोव्चान्स्कहून एक मुलगा आला, सोळा वर्षांचा, आजीबरोबर. त्यांना गावातलं रिकामं घर दिलंय. तेरावा विद्यार्थी. त्याला कोणतं काम द्यावं कळेना. त्यानंच विचारलं, रात्री जागायचं काम आहे का? तसाही मी झोपत नाही.

२७ मे, सोमवार

सातवा दिवस, अंडी पारखली. काळोख्या खोलीत पुठ्ठ्याच्या डब्याला भोक पाडून आत टॉर्च. अंडं भोकावर ठेवलं की लाल जाळी दिसते, मधे ठिपका. तो ठिपका हलला तेव्हा वोव्चान्स्कच्या मुलानं अंडं जवळजवळ टाकलंच होतं. ११ रिकामी निघाली, ८५ राहिली.

रोज सकाळी नऊला आम्ही एक मिनिट उभे राहतो. सगळा देश राहतो, २०२२ च्या मार्चपासून. आज ते मिनिट अंड्यांच्या खोलीत गेलं, टॉर्च चालूच राहिली.

१२ जून, बुधवार

तीन दिवसांचं एकदम लिहिते.

रविवारी ९ तारखेला संध्याकाळी वीज गेली, वेळापत्रकात चार तास होते. नऊ वाजले, दहा वाजले, आली नाही. जनरेटर गेल्या आठवड्यापासून दुरुस्तीला. ज्या दुकानात टाकला तिथला माणूस रोज ‘उद्या’ म्हणतो. इनक्युबेटरचा काटा ३५ वर, मग ३३. पोरांनी प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून भोवती लावलं. एकानं वरून दोन गोधड्या टाकल्या आणि कडा नीट आत खोचल्या. मामा काठी टेकत आल्या, गोधडी खस्सकन ओढली आणि ओरडल्या, ‘मारणार का त्यांना? श्वास कुठून घेतील?’ हवेची भोकं झाकली गेली होती. मला दिसलं नव्हतं. मी पुस्तक वाचून कोंबडीपालन शिकवते, त्या सत्तर वर्षं कोंबड्यांत आहेत.

मग त्यांनी पीच पेटवायला सांगितली. पीच म्हणजे घरातली मोठी मातीची चूल, तिच्या वर झोपायचा ओटा असतो. जूनच्या उकाड्यात चूल! सूर्यफुलाच्या काड्या आणि लाकडं घातली. ओटा कोमट झाल्यावर अख्खं इनक्युबेटर चौघांनी उचलून वर ठेवलं, खाली दुमडलेली चादर. काटा ३१ पर्यंत उतरलेला, तिथून अर्ध्या तासानं चढायला लागला. वोव्चान्स्कचा मुलगा आणि मामा रात्रभर ओट्याखाली बसून. काड्या एकेक करून टाकायच्या, जास्त नाही. ३८ च्या वर गेलं तर थंडीपेक्षा वाईट. मध्येच भोंगा वाजला, सगळे पोह्रिबमध्ये. हे दोघं उठले नाहीत. मी रागावले. मामा म्हणाल्या, तू जा, बाकीच्या पोरांना बघ. हा प्रसंग मला पटलेला नाही, नियम मोडला तो मोडला. मुलाशी दुसऱ्या दिवशी बोलले, मामांशी बोलायची हिंमत नाही.

वीज पहाटे चारला आली. सोमवारी, ठरल्या दिवशी, काहीच नाही. पोरांची तोंडं उतरली. मंगळवारी दुपारी कानाला लावलं तर एका अंड्यातून टकटक. संध्याकाळी पहिली चीर. थंडी लागली की एक-दोन दिवस उशीर होतो, तसा झाला. आज रात्रीपर्यंत ५८ पिल्लं. सत्तावीस गेली. मेलेली अंडी फोडून बघायला लावली, कोणत्या दिवशी थांबली याचा अंदाज घ्यायला. दोघी उठून बाहेर गेल्या, त्यांना जाऊ दिलं.

वोव्चान्स्कचा मुलगा ओट्याखाली, फरशीवर, दुपारी दोन वाजता गाढ झोपलाय. कुणी उठवू नये म्हणून दारावर कागद लावलाय.

२२ जून, शनिवार

बटाट्यावर कोलोराडो भुंगा. पिवळे-काळे पट्टे, पानाखाली नारिंगी अंड्यांचे पुंजके. फवारणी नको म्हणून हातानं वेचणं : प्रत्येकाला एक डबा, तळाशी मिठाचं पाणी. आठ सरी सकाळी, आठ संध्याकाळी. नखं आठवडाभर पिवळी. शेतशाळेच्या जाहिरातीत हे काम कुणी दाखवत नाही.

उरलेल्या ग्रेच्काच्या (कुट्टूच्या) पिठाची थालीपिठं केली. कांदा, मीठ, तिखट. सात जणांनी दुसरं मागितलं, वर साय घालून. आईनं बघितलं असतं तर...

२१ जुलै, रविवार

दहा दिवस जाळ आहे, ३६-३७. मका पानं गुंडाळून उभा. दुपारचे वर्ग बंद, काम पहाटे पाच ते दहा.

द्याद्कोंना बोलावणं आलं. नव्या कायद्याप्रमाणे १६ तारखेपर्यंत सगळ्या पुरुषांनी आपली माहिती अद्ययावत करायची होती. ते गेले, तिथेच वैद्यकीय तपासणी झाली, मनगट वाकडं असूनही पात्र ठरले. बुधवारी जायचंय. आज दिवसभर आमच्याकडे होते, ट्रॅक्टर उघडून. बोलत नव्हते, दाखवत होते. इथे ग्रीस, दर दहा तासांनी. हा नट डावीकडे फिरतो, लक्षात ठेवा. पेरणीयंत्राच्या चोवीस नळ्यांतली सातवी तुंबते, चालताना मागे वळून बघायचं. पुस्काचवाली पोरगी सगळं फोनमध्ये टिपत होती. त्यांनी फोन काढून घेतला आणि वही दिली. फोन फुटतो, म्हणाले.

जाताना चालकाच्या आसनावरची मेंढीच्या कातड्याची गादी काढून घेऊन गेले. मग फाटकातून परत आले आणि ती जागच्या जागी ठेवली.

रात्री विचार करत बसले. कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी या पोल्टावाजवळ सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञ मकारेंकोनं अनाथ, भटक्या पोरांची वसाहत काढली, तीही शेतीवर जगणारी. दोघांनीही पोरांच्या हातात अवजार दिलं. मकारेंकोचं बिगूल आणि तुकड्या मला कधी आवडल्या नाहीत. मला जवळचा वाटतो सुखोम्लिन्स्की, शेजारच्या किरोव्होह्राद प्रांतातल्या पाव्लिशचा मुख्याध्यापक, १९४८ पासून १९७० मध्ये मरेपर्यंत एकाच खेड्यातल्या शाळेत राहिलेला. पण त्या कुणाच्याही शाळेत ट्रॅक्टर शिकवणारा माणूस बुधवारी जायचा होता का, हे मला कुणी सांगत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

स्पास, सफरचंदांचा सण. चर्चनं गेल्या सप्टेंबरपासून नवं पंचांग घेतलं, त्याप्रमाणे तो ६ तारखेला होऊन गेला. मामांचा आजच. त्यामुळे आमच्याकडे सफरचंदांच्या दोन टोपल्या दोनदा नेल्या. पोरांची तक्रार नाही.

टरबूज कापलं. खेरसोनचीनं रांगेतून चालत एकेकाला टिचकी मारली, देठाजवळची वाळलेली तार बघितली, अकरावं निवडलं. लालभडक. उन्हाळा कोरडा गेला तो तिच्या पथ्यावर पडला. तिच्या घरची वाडी नीपर नदीच्या कालव्यावर होती, गेल्या वर्षी ६ जूनला काखोव्का धरण उडवलं तेव्हा कालवा आटला. पहिली फोड तिनं स्वतः खाल्ली, थोडा वेळ चघळत राहिली. ‘सात,’ म्हणाली. दहापैकी.

४ सप्टेंबर, बुधवार

काल सकाळी पोल्टावा शहरात लष्करी शिक्षणसंस्थेवर दोन क्षेपणास्त्रं पडली. पन्नासहून अधिक माणसं गेली. भोंगा आणि स्फोट यांत फारच थोडा वेळ होता. आमच्या दोन मुलींच्या ओळखीतले तिथे होते. एकीचा सापडला, जिवंत. दुसरी आज आली नाही. थोरली मुलं रक्त द्यायला गेली, तिथे रांग एवढी की उद्या या म्हणाले.

आज फक्त कोंबड्यांना दाणा टाकला.

२१ सप्टेंबर, शनिवार

पाऊस नाही. ऑगस्टपासून मोजून दोन सरी. दोन हेक्टर हिवाळी गहू पेरायचाय, त्याची योग्य वेळ निघून चालली. माती वरून दहा सेंटिमीटर पीठ झालीय.

आज अंगणात सगळ्यांना बसवून प्रश्न टाकला : कोरड्यात पेरायचं की थांबायचं? मी धूळपेर समजावली. आमच्याकडे मृगाच्या भरवशावर कोरड्या रानात बी टाकतात. पाऊस आला तर सगळ्यांच्या आधी उगवण. थोडाच आला तर बी फुगतं, मोड येतो, पुन्हा वाळतो आणि दुबार पेरणी. ‘दुबार’ हा शब्द त्यांनी लगेच उचलला. दादांचं एक वर्ष असं गेलं होतं, तिबार करावी लागली होती, तेही सांगितलं. सांगताना कळलं की ही गोष्ट मी आजवर इथे कुणाला सांगितली नव्हती.

पुस्काचवालीचं म्हणणं पेरू या, पण खोल, सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे हलक्या सरीनं फसगत होणार नाही. खेरसोनची म्हणाली थांबू या, बी महाग आहे. वोव्चान्स्कचा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, अर्धं आज, अर्धं पावसानंतर, आणि मधे काठी रोवू. मला वाटलं होतं निर्णय मी घेईन. तिघांनी मिळून कागदावर आखणी केलीसुद्धा.

२२ सप्टेंबर, रविवार

पेरलं, एक हेक्टर. ट्रॅक्टरवर पुस्काचवाली, पेरणीयंत्राच्या फळीवर मागे दोघं. पहिली फेरी नागमोडी. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, रस्त्यावरून दिसणार नाही (दिसतं). वाहनामागे धुळीचा असा लोट की मागच्या दोघांच्या फक्त टोप्या दिसत होत्या. तिसऱ्या फेरीला ती थांबली, उतरली, सातवी नळी काठीनं मोकळी केली. कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी द्याद्कोंना फेरीचा फोटो पाठवला. दोन तासांनी उत्तर : ‘वाकडं. छान.’

पेटी रिकामी करताना पसाभर गहू जमिनीवर सांडला. मामा खाली बसून एकेक दाणा वेचायला लागल्या. पोरं म्हणाली, आजी, राहू द्या, कोंबड्या खातील. त्या थांबल्या नाहीत. त्यांची आई १९३३ च्या भीषण दुष्काळात दहा वर्षांची होती. आदल्या ऑगस्टमध्ये कायदा आला होता, सामूहिक शेतातून पडलेल्या लोंब्या उचलल्या तरी तुरुंग किंवा गोळी. लोक त्याला पाच लोंब्यांचा कायदा म्हणतात. मामा त्यातलं काही बोलल्या नाहीत, त्या कधीच बोलत नाहीत, मला नवऱ्यानं सांगितलंय. थोड्या वेळानं तीन-चार पोरं त्यांच्या शेजारी बसून वेचायला लागली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

गेल्या आठवड्यात पाऊस झाला, दोन दिवस रिपरिप. काल दुसरा हेक्टर पेरला. फेऱ्या सरळ. काठीच्या अलीकडे पहिल्या पेरणीचा कोंब वर आलाय, पण विरळ आणि ठिगळं-ठिगळं.

जनरेटर परत आला. त्याला ‘उद्या’ असं नाव दिलंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

होलोदोमोर, म्हणजे १९३२-३३ चा मानवनिर्मित दुष्काळ, त्याचा स्मृतिदिन. नोव्हेंबरचा चौथा शनिवार. दुपारी चारला खिडकीत मेणबत्ती लावतात. त्याआधी उजेड असेपर्यंत मोजणी उरकायची होती, कारण पुढच्या आठवड्यात बर्फ म्हणताहेत.

एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट, प्रत्येक बाजूला पाच ठिकाणी टाकायची आणि आतली रोपं मोजायची. बोटं बधिर. हातमोजे घातले तर पाती वेगळी करता येत नाहीत. कोरड्यातल्या पेरणीत सरासरी २६४ रोपं, पण बहुतेकांना दोन-तीन फुटवे. पावसानंतरच्या पेरणीत ३९१, सगळी एकेरी, दोन पानांची, लहान. पेरली होती चौरस मीटरला साडेचारशे. कोण बरोबर, यावर दोन्ही बाजू आपापला आकडा दाखवून भांडत होत्या. खेरसोनची म्हणाली, हिवाळा कोणाला खातो ते मार्चमध्ये बघू. पुस्काचवाली म्हणाली, फुटवे धर ना हिशोबात! वोव्चान्स्कच्या मुलानं दोन्ही आकडे वहीत लिहिले, शेजारी रिकामा रकाना आखला, वर ‘मार्च’ लिहिलं. त्याची आजी परवा विचारत होती, त्याला पुढच्या वर्षीही ठेवाल ना? तो विचारत नाही, रकाने आखतो.

परत येताना वीज गेलेली. रविवारच्या मोठ्या हल्ल्यानंतर पुन्हा वेळापत्रक सुरू झालंय. चारला मामांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत मेणबत्ती लावली. त्या प्रकाशात मुलांनी बोर्श्चसाठी बीट सोलले. मामांनी सालं मोजून बघितली नाहीत, पण टोपलीत काय पडतंय याकडे लक्ष होतं. जाड साल निघालं की काठी एकदा जमिनीवर आपटायची.

साडेपाचला फोन वाजला. ‘+’. मग लगेच दुसरा, द्याद्कोंचा : काठीच्या कोणत्या बाजूला जास्त?